वाशी मार्केटमागची एक वास्तुविशारद

ओतूरचा कांदा, सातगाव पठाराचा बटाटा रात्री ट्रकमध्ये चढतो, तेव्हा ड्रायव्हर एवढंच सांगतो, ‘वाशीला चाललोय.’ हे वाशी ज्या नवी मुंबईत आहे, ती जेव्हा कागदावरही नव्हती तेव्हा तिची कल्पना मांडणाऱ्या तिघांत एक बाई होती : प्रवीणा मेहता. मुंबईच्या सर जे. जे.मध्ये वास्तुकला शिकून त्या पुढे शिकागोला गेल्या. परतल्यावर मुंबईत त्यांनी स्वतःचं काम उभं केलं.

मुंबई उत्तरेकडेच लांबत चालली होती. खाडीपलीकडे पूर्वेला नवं शहर वसवा, हा प्रस्ताव मेहता, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आणि अभियंता शिरीष पटेल यांनी १९६४मध्ये दिला. १९६५मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकाने तो छापला. १९७०मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली. १९८१मध्ये कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार दक्षिण मुंबईतून वाशीला हलला.

कोरिया, पटेल ही नावं आजही घेतली जातात. प्रवीणाबाईंचं नाव मात्र मागे पडलं, आणि ते मनाला लागतं.

वास्तुकलेत आलेल्या त्या पहिल्या बाई नव्हत्या. त्यांच्याही आधी, १९३६मध्ये, पेरिन मिस्त्री याच जे. जे.तून पदविका घेऊन बाहेर पडल्या. भारतातल्या पहिल्या महिला वास्तुविशारद म्हणून त्यांची नोंद होते.