सेट-टॉप बॉक्सच्या पाठीमागे

सेट-टॉप बॉक्सची मागची बाजू आपण दोनदाच बघतो: बसवायला माणूस येतो तेव्हा, आणि चित्र गेलं की. एरवी डिशची केबल आत, एचडीएमआयची वायर बाहेर, एवढ्यावर आपलं भागतं. बाकीच्या भोकांवर धूळ साचते. आमच्या कारापूरच्या घरी त्यांतल्याच दोन भोकांनी आजीला तिचा टीव्ही परत मिळवून दिला, म्हणून हा लेख. आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील, आजी-आजोबा गावी असतात. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

कारापूर म्हणजे डिचोली तालुक्यातलं, साखळीला लागून असलेलं गाव. विठ्ठलापूरचं विठ्ठल मंदिर इथलंच. आषाढीला पंढरपूरची पूजा टीव्हीवर बघणं हा आजीचा हक्काचा कार्यक्रम. पण गेली काही वर्षं तिला ऐकू कमी येतं. टीव्हीचा आकडा चाळीसच्या पुढे गेला, स्वयंपाकघरातून आईच्या हाका वाढल्या, पुतण्या पुस्तकं घेऊन पडवीत बसायला लागला. टीव्ही बंद कर असं तिला कुणीच म्हणालं नाही. पण 'जरा कमी करा' हे इतक्यांदा ऐकल्यावर ती स्वतःच उठून आत जाऊ लागली. मला ते जास्त लागलं.

तिला विचारलं तर म्हणाली, "बाय, आवाज येतो गं. शब्द येत नाहीत."

हे अगदी नेमकं वर्णन आहे. वयानुसार आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, त ही व्यंजनं तिथेच असतात. आवाज वाढवला की स्वर मोठे होतात, पण व्यंजनं त्या प्रमाणात स्पष्ट होत नाहीत. त्यात आमची खोली उंच, वर कौलं, खाली लादी, सगळं घुमतं. डॉक्टरांनी तपासून दिलेलं यंत्र समोर बसलेल्या माणसाशी बोलायला चांगलं आहे, दहा फुटांवरच्या टीव्हीसाठी तेवढं नाही. आवाज थेट कानाशी नेणं हा सरळ उपाय.

आता बॉक्सकडे वळू. एचडीएमआयमधून चित्र आणि आवाज दोन्ही डिजिटल जातात. शेजारी जुनी तीन भोकं: पिवळं चित्राचं, पांढरं डाव्या आवाजाचं, लाल उजव्या. आणि गंमत अशी, की बहुतेक बॉक्समध्ये एचडीएमआय चालू असतानाही ही तिन्ही जिवंत असतात. म्हणजे टीव्हीची वायर न काढता लाल-पांढऱ्यातून आवाजाची दुसरी वाट काढता येते. टीव्हीलाही हेडफोनचं भोक असतं, पण त्यात पिन घातली की बऱ्याच टीव्हींचे स्पीकर गप्प होतात. मग आजी ऐकणार आणि बाकीचे मूकपट बघणार!

हेडफोन मात्र थेट जोडून चालत नाही. लाल-पांढऱ्यातला सिग्नल पुढच्या अँप्लिफायरसाठी असतो, हेडफोन हलवण्याइतका जोर त्यात नसतो. मध्ये हेडफोनचा छोटा अँप्लिफायर लागतो. आम्ही तो आजीच्या खुर्चीच्या हातावर बसवला. त्याचं गोल बटण तिच्या हाताशी, टीव्हीचा रिमोट बाकीच्यांकडे. बॉक्सच्या रिमोटला मात्र कुणी हात लावायचा नाही, कारण त्यावरचा आवाज बदलला की दोन्हीकडचा बदलतो. कानाचं यंत्र काढून ती हेडफोन लावते.

ब्लूटूथ का नाही, असं धाकट्या भावाने विचारलं. उत्तर आहे उशीर. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाच्या पाचव्या भागाइतका किंवा त्याहूनही मागे पडू शकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या साधारण ४५ मिलिसेकंद आधी आला, किंवा १२५ मिलिसेकंद नंतर आला, की तो फरक माणसाला जाणवू लागतो. ज्याला ओठ बघून शब्द जुळवायचे आहेत, त्याला तर हा फरक फारच नडतो. म्हणून वायर. ती भिंतीच्या कडेने न्या, पायात येऊ देऊ नका. म्हातारं माणूस अडखळलं तर सगळ्या उपद्व्यापावर पाणी.

काही बॉक्सवर तीन भोकांऐवजी एकच छोटं ३.५ मिलिमीटरचं भोक असतं आणि तीन रंगांची वायर वेगळी मिळते. या वायरींमध्ये आतल्या जोडण्यांचा क्रम सारखा नसतो. हेडफोनमध्ये नुसती घरघर आली, तर कदाचित लाल टोकातून चित्राचा सिग्नल येत असेल. पिवळं टोक त्या जागी लावून बघा. तरीही जमलं नाही तर वायर बदला. एकटंच नारिंगी किंवा काळं भोक असेल आणि त्यावर डिजिटल ऑडिओ असं लिहिलं असेल, तर ते सोडून द्या. या कामाला ते चालत नाही. मेन्यूत ऑडिओ 'डॉल्बी'वर असेल आणि लाल-पांढऱ्यातून काहीच येत नसेल, तर 'पीसीएम' किंवा 'स्टिरिओ' करून बघा.

पिवळं भोक उरलं होतं. त्यातून पडवीतल्या जुन्या डबा टीव्हीला चित्र दिलं. एचडीतलं १०८० ओळींचं चित्र इथे ५७६ ओळींवर येतं, पण चवथीला घर भरतं तेव्हा आरती बघायला तेवढं पुष्कळ. दोन्ही टीव्हींवर चॅनल मात्र एकच, हे आधी सांगून ठेवा. नाहीतर क्रिकेटवरून भांडणं ठरलेली.

एक गोष्ट गंभीरपणे. मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात आपल्याकडे विजा होतात. डिशची केबल छपरावरून येते, आणि आता तिची वाट बॉक्समधून थेट माणसाच्या डोक्यापर्यंत गेली आहे. ढग दाटले की, गडगडाट जवळ येण्याआधीच, हेडफोन उतरवायचे, प्लग काढायचा, मग डिशची केबल सोडवायची. पहिली दोन कामं आजी स्वतःच करते. तिसऱ्यासाठी ती पुतण्याला हाक मारते, कारण बॉक्स कपाटाच्या मागे आहे आणि तिचा हात तिथे पोचत नाही.