मांजर, काळी फरशी आणि ८२०५

"मांजराच्या शेजारी ही काळी फरशी कसली गं?" आजीने फोन करून विचारलं.

झालं होतं असं. माझ्या भाचीला जिन्याखाली मांजराचं पिल्लू सापडलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत काळंकुळकुळीत! आता ही बातमी आजीला कळवल्याशिवाय राहवेल का? भाचीची आजी, म्हणजे माझी आई, गावाला असते. तिचा फोन जुना आहे, चॅटिंगचं ॲप त्यावर केव्हाच चालेनासं झालंय. म्हणून भाचीने साधा एसएमएस केला. त्यात एकच इमोजी होता, काळं मांजर. आजीच्या फोनवर मात्र दोन चित्रं उमटली. आधी एक साधं, करड्या रंगाचं मांजर. त्याला खेटून एक काळा चौकोन.

भाची म्हणाली, "मावशी, मी एकच पाठवला होता. दुसरा कुठून आला?"

मुलांनो, या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्हाला फार मोठी गंमत सापडली. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी एक गोष्ट पक्की करू या. तुम्ही दिव्याचा इमोजी पाठवता तेव्हा दिव्याचं चित्र फोनमधून बाहेर पडतच नाही. बाहेर पडतो एक आकडा : १२९६८४. रिक्षा पाठवली तर १२८७६२. समोरचा फोन तो आकडा वाचतो, स्वतःच्या पोटातल्या चित्रसंग्रहात त्या क्रमांकाचं चित्र शोधतो आणि पडद्यावर मांडतो. या चित्रसंग्रहाला म्हणतात फॉन्ट. अक्षरांचंही अगदी असंच असतं. 'क' म्हणजे २३२५, 'ळ' म्हणजे २३५५. तुमचं नाव, शाळेचं नाव, आईने पाठवलेली किराणाची यादी, सगळे आकडेच. म्हणून तर इमोजी इतका हलका असतो. दिव्याचा फोटो पाठवायला लाखो बाइट लागू शकतात, दिव्याच्या इमोजीला पुरतात चार.

हे आकडे ठरवतं कोण? युनिकोड कन्सॉर्शियम नावाची एक संस्था आहे, अमेरिकेत, कॅलिफोर्नियामध्ये. जगातल्या सगळ्या लिप्यांमधल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक द्यायचा, हे तिचं काम. पहिली यादी १९९१ साली आली आणि आपली देवनागरी त्या पहिल्याच यादीत होती. आज त्या यादीत दीड लाखाच्या आसपास चिन्हं आहेत. कुणी वापरत नाही अशा, हजारो वर्षांपूर्वीच्या लिप्याही त्यात आहेत. मला ही यादी माणसांनी मिळून केलेल्या सगळ्यात सुंदर कामांपैकी एक वाटते.

इमोजी मात्र या यादीत बऱ्याच उशिरा आले. त्यांचं माहेर जपान. 'ए' म्हणजे चित्र, 'मोजी' म्हणजे अक्षर. १९९९ साली शिगेताका कुरिता नावाच्या तरुणाने तिथल्या डोकोमो कंपनीच्या मोबाइलसाठी १७६ चित्रं तयार केली. जपानमध्ये त्याच्या आधीही एका कंपनीने अशी चित्रं फोनमध्ये घातली होती, पण गाजली ती कुरितांची. पडदा एवढासा, त्यामुळे प्रत्येक चित्राला जागा किती? बारा ठिपके रुंद, बारा ठिपके उंच. गणिताच्या चौकटीच्या वहीत बारा बाय बाराचा चौकोन आखा आणि काही चौकटी भरून छत्री काढून बघा. मी तीन वेळा काढली, तीनही वेळा तिची कुऱ्हाड झाली. कुरितांची ती १७६ चित्रं २०१६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतली.

पण मग घोळ व्हायला लागला. जपानमधल्या प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे. एका कंपनीच्या फोनवरून सूर्य पाठवावा, तर दुसऱ्या कंपनीच्या फोनवर भलतंच काहीतरी उगवावं! शेवटी २०१० साली युनिकोडने शेकडो इमोजी आपल्या यादीत घेतले आणि जगभर एक आकडा, एक चित्र असं ठरलं.

म्हणजे जवळजवळ ठरलं. कारण युनिकोड फक्त आकडा देतं आणि 'हा बर्गर' एवढं सांगतं. चित्र ज्याचं त्याने काढायचं. २०१७ साली लोकांच्या लक्षात आलं की गूगलच्या बर्गरमध्ये चीज टिक्कीच्या खाली आहे आणि ॲपलच्या बर्गरमध्ये वर. त्यावर जगभर इतकी चर्चा झाली की गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी स्वतः त्यात लक्ष घातलं आणि पुढच्या अपडेटमध्ये चीज वर गेलं. तुमच्या फोनवर 'अपडेट उपलब्ध' असं येतं ना, त्याच्या पोटात अशाही गोष्टी असतात. कधी एखादी सुरक्षेची कडी, कधी एखादं नवं बटण, कधी एक चीजची चकती.

आणि कधी नवे इमोजी. २०१९ साली आलेल्या नव्या इमोजींमध्ये आपली ऑटोरिक्षा होती, साडी होती, देऊळ होतं आणि पणतीही होती. त्याआधी दिवाळीच्या शुभेच्छा देताना लोक मेणबत्ती पाठवायचे.

नवा इमोजी हवा असेल तर कुणीही युनिकोडकडे अर्ज करू शकतं. अर्जात पटवून द्यावं लागतं की हे चित्र पुष्कळ लोक वापरतील आणि ते आधीच्या कुठल्याही चित्राने भागण्यासारखं नाही. देवाचं, एखाद्या विशिष्ट माणसाचं किंवा कंपनीच्या शिक्क्याचं चित्र चालत नाही. रयूफ अलहुमेधी ही मूळची सौदी अरेबियाची मुलगी जर्मनीत बर्लिनला राहायची. डोक्यावर हिजाब घेणाऱ्या आपल्यासारख्या मुलीचं चित्र कीबोर्डवर नाही, हे तिला खटकलं. २०१६ साली, पंधरा वर्षांची असताना, तिने अर्ज केला. पुढच्याच वर्षी ते चित्र यादीत आलं. पंधरा वर्षांची! भाचीने हे ऐकल्यापासून पुरणपोळीच्या अर्जाचा मसुदा लिहायला घेतलाय.

आता आकडा मिळाला, तरी फोनला चित्र माहीत नको का? जुन्या फोनच्या चित्रसंग्रहात तो क्रमांकच नसेल तर फोन एक रिकामा चौकोन काढतो. संगणकवाले त्याला 'टोफू' म्हणतात. टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर, त्याच्या वडीसारखा दिसतो म्हणून. अनेक फोनमध्ये आपली देवनागरी ज्या 'नोटो' फॉन्टमुळे दिसते, त्याचं नावही 'नो टोफू' यावरूनच पडलंय. एकही रिकामा चौकोन दिसू नये, ही ती इच्छा.

मग आजीच्या फोनवर टोफू का नाही आला? काळ्या मांजराचा इमोजी २०२० सालचा, फोन त्याहून जुना. रिकामा चौकोन यायला हवा होता. आले मात्र चांगले भरलेले मांजर आणि काळा चौकोन.

कारण काळ्या मांजराला स्वतःचा आकडाच नाही.

भाचीच्या फोनवरून निघालेला संदेश असा होता : १२८००८, ८२०५, ११०३५. पहिला आकडा मांजराचा. तिसरा काळ्या चौकोनाचा. आणि मधला ८२०५? त्याला चित्रच नाही. तो पडद्यावर केसाएवढीही जागा घेत नाही. त्याचं इंग्रजी नाव 'झीरो विड्थ जॉइनर', म्हणजे शून्य रुंदीचा जोडणारा. तो फक्त फोनच्या कानात सांगतो, "माझ्या डावीकडचं आणि उजवीकडचं वेगळं दाखवू नकोस, त्यांचं मिळून एक चित्र कर." नव्या फोनला ही जोडी माहीत असते, तो काळं मांजर दाखवतो. जुन्याला माहीत नसते, तो बिचारा दोन्ही तुकडे प्रामाणिकपणे शेजारी शेजारी मांडतो. किती समंजस युक्ती आहे बघा! आजीला रिकामा चौकोन नाही मिळाला. मांजर आणि काळेपणा, दोन्ही पोचलं.

मग आम्ही अशा जोड्या शोधत सुटलो. अस्वल आणि हिमाचा स्फटिक जोडला की ध्रुवीय अस्वल. पक्षी आणि आग जोडली की फिनिक्स, राखेतून उठणारा, हा २०२३ सालचा. लिंबासारखं पिवळं फळ आणि हिरवा चौकोन मिळून आपलं हिरवं लिंबू. बाई आणि रॉकेट म्हणजे अंतराळवीर. बाई आणि भाताची लोंबी म्हणजे शेतकरीण. बाई आणि शाळेची इमारत म्हणजे शिक्षिका. बाई आणि तव्यातलं अंडं म्हणजे? भाचीने क्षणात ओळखलं, स्वयंपाक करणारी.

हे सगळं मी आईला फोनवर समजावून सांगत होते. मनात धाकधूक होती, की तिला कंटाळा येईल. पण माझी आई चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. ती शांतपणे ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मांजराचा पाय मोडलाय."

मी चाटच पडले. पहिली-दुसरीच्या मुलांना जोडाक्षरं शिकवताना ती हेच म्हणायची. 'क'चा पाय मोडा, त्याला 'ष' जोडा, झाला 'क्ष'. फोनमध्येही 'क्ष' असाच साठवलेला असतो! त्यालाही स्वतःचा आकडा नाही. 'क'चा २३२५, पाय मोडण्याच्या खुणेचा २३८१ आणि 'ष'चा २३५९, असे तीन आकडे एकापाठोपाठ एक, आणि पडद्यावर एकच अक्षर. विश्वास बसत नसेल तर फोनवर 'क्ष' लिहा आणि खोडायचं बटण एकदाच दाबा. बहुतेक फोनवर पूर्ण अक्षर जात नाही, पाय मोडलेला 'क्' मागे उरतो.

पण खरी गंमत तर पुढेच आहे. तो अदृश्य ८२०५ इमोजींसाठी जन्मलाच नव्हता. इमोजी युनिकोडमध्ये यायच्या कितीतरी आधीपासून तो आपल्यासारख्या लिप्यांसाठी यादीत बसलेला होता. अरबी अक्षरं शेजाऱ्याला पाहून आकार बदलतात, आपली जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. अक्षरांनी कसं मिसळायचं, हे फोनला सांगायला एखादी न दिसणारी खूण हवीच होती.

दोन शब्द घ्या. 'दर्या' म्हणजे समुद्र. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांच्या मधल्या खोल जागा. पहिल्यात 'र' रफार होऊन 'या'च्या डोक्यावर बसलाय. दुसऱ्यात तो पापणीसारखी छोटी वळलेली रेघ होऊन 'या'ला बिलगलाय. फोनवर 'दऱ्या' लिहायच्या एका जुन्या पद्धतीत 'दर्या'चेच सगळे आकडे जसेच्या तसे ठेवतात आणि पाय मोडण्याच्या खुणेनंतर फक्त ८२०५ सरकवतात. समुद्राच्या दऱ्या होतात! तीच गत आचार्यांची. 'आचार्यांना बोलवा' म्हटलं तर गुरुजी येतील, 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटलं तर झारा घेऊन स्वयंपाकी. इमोजीत शाळेच्या जागी तवा ठेवला की शिक्षिकेची स्वयंपाकीण होते. मराठीत एवढंही करावं लागत नाही.

मला हे कळलं त्या रात्री झोप येईना. आपल्या लिपीची गरज भागवणारी एक खूण यादीत होती. पुढे २०१५च्या सुमारास, इमोजीची कुटुंबं कशी जोडायची असा प्रश्न इंजिनिअरांना पडला, तेव्हा त्यांनी तीच खूण उचलली. आई, बाबा आणि मुलगी यांची चित्रं त्याच खुणेने एकत्र उभी केली. आज टोकियोत, नैरोबीत, न्यूयॉर्कमध्ये कुणी ध्रुवीय अस्वल पाठवतं, तेव्हा त्या अस्वलाच्या पोटात ८२०५ असतो, आपल्या दऱ्यांमधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीचा एसएमएस आला. भाचीने तिला फिनिक्सची गोष्ट सांगितली होती ना, म्हणून आजीने बरीच खटपट करून एक पक्षी शोधला होता, त्याच्या पुढे आग ठेवली होती आणि खाली लिहिलं होतं, 'तुझ्याकडे जोडून दिसतंय का?'

भाचीच्या नव्याकोऱ्या फोनवरही पक्षी वेगळा आणि आग वेगळी.

तिने लगेच फोन लावला. "आजी, मधला पाय मोडायला विसरलीस!"

"अगं, मोडणार कशी? त्याचं बटणच नाहीये इथे."