न लागलेल्या आगीचे मानकरी

मोठी दुर्घटना घडली की महानगरपालिकेच्या पुढच्या सभेत दुखवट्याचा ठराव येतो. सभासद दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतात, चौकशीची मागणी होते आणि मग पुढचे विषय हाती घेतले जातात. अभिनंदनाचे ठरावही होत असतात. खेळाडूंचे, कलावंतांचे, परीक्षेत चमकलेल्या मुलांचे. परंतु ज्यांच्यामुळे दुखवट्याचा ठराव मांडण्याची वेळच आली नाही, अशा सेवकांचे अभिनंदन सभागृहाने केल्याचे क्वचितच ऐकिवात येते. अग्निशामक दलाचे जवान आणि इमारतींची तपासणी करणारे निरीक्षक व अभियंते हे असे सेवक होत. बंगळूर शहराच्या उदाहरणाने त्यांच्या कामाची ओळख करून घेऊ.

बंगळूरला या कामाचे मोल फार महाग पडून कळले आहे. ७ फेब्रुवारी १९८१ रोजी तेथे एका सर्कशीच्या तंबूला आग लागली आणि नव्वदांहून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य लहान मुले होती. १२ सप्टेंबर १९८३ रोजी गंगाराम नावाची बहुमजली इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली व शंभरांहून अधिक माणसे दगावली. पुढे शहर वाढले, उद्यानांच्या गावात काचेच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आणि २३ फेब्रुवारी २०१० रोजी जुन्या विमानतळ रस्त्यावरील कार्लटन टॉवर्स या इमारतीत आग लागली.

कार्लटनची हकीकत प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावी अशी आहे. आग विजेच्या तारा नेणाऱ्या उभ्या पोकळीत लागली. अशी पोकळी मजल्यामजल्यावर बंद केलेली नसली, तर ती धुराड्यासारखी वागते. खालचा धूर पाहता पाहता वरचे मजले भरून टाकतो. लोक जिन्याकडे धावले तो तेथेही धूर. वर जावे तर गच्चीचे दार बंद. श्वास कोंडलेल्या माणसांनी काचा फोडल्या, काहींनी खाली उड्या घेतल्या. नऊ जीव गेले. ज्वाळांनी जितके नुकसान केले नाही तितके धुराने आणि बंद वाटांनी केले. एक दार उघडे असते तर काय झाले असते, हा प्रश्न त्या नऊ घरांत आजही विचारला जात असेल.

मृतांचे आप्त आणि बचावलेली माणसे शोक करीत बसली नाहीत. त्यांनी ‘बियाँड कार्लटन’ ही संस्था काढली आणि अग्निसुरक्षेचा प्रश्न शासनापुढे व नागरिकांपुढे सातत्याने मांडला. एकदा दाखला मिळाला की इमारत कायमची सुरक्षित झाली, हा समज किती घातक आहे, हे त्यांनी लोकांच्या मनावर बिंबविले.

आता तपासणीस येणारा मनुष्य नेमके काय पाहतो, ते सांगतो. जिना नकाशात दाखविला तितका रुंद आहे काय? त्यात जुनी कपाटे, सायकली, खोकी रचून ठेवलेली नाहीत ना? बाहेर पडण्याची दारे बाहेरच्या बाजूस उघडतात काय? गच्चीच्या टाकीत आगीसाठी राखून ठेवावयाचे पाणी आहे काय? पंप चालू केल्यावर खरोखर चालतो, की केवळ रंग दिलेला आहे? भिंतीवरील नळकांड्याची मुदत संपली आहे काय? बंबाला वळता येईल एवढी मोकळी जागा आवारात आहे, की तेथे मोटारी उभ्या आहेत? या प्रश्नांत वीरश्री मुळीच नाही. हातात टेप, खिशात विजेरी आणि बगलेत कागदांची फाईल घेऊन जिने चढणाऱ्या या माणसाचे स्वागतही फारसे होत नाही. तो आला म्हणजे खर्च आला, असेच मालकाला वाटते. वजनदार माणसाच्या इमारतीस ‘नाही’ म्हणणे तर त्याहून कठीण. तथापि त्या एका ‘नाही’मध्ये शेकडो माणसांचा जीव सुरक्षित राहतो.

हे काम एका खात्याचे नाही. कर्नाटकात अग्निशामक दल राज्य शासनाच्या अखत्यारीत आहे. त्यासाठीचा कायदा १९६४ साली झाला. इमारतीच्या नकाशास मंजुरी देणे हे मात्र स्थानिक संस्थेकडे असते. महाराष्ट्रात मुंबई, पुण्यासारख्या शहरांची अग्निशामक दले महानगरपालिकेचीच आहेत. महाराष्ट्राच्या २००६ च्या अधिनियमाप्रमाणे इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत व जुलैत द्यावे लागते. व्यवस्था निरनिराळ्या असल्या तरी जिना, पाणी, दार आणि धूर यांचे नियम सर्वत्र सारखेच आहेत.

प्रतिबंध फसला म्हणजे त्याची किंमत कोण देतो, हे मुंबईकरांस सांगावयास नको. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला आग लागली. ती विझविण्यास गेलेले अग्निशामक दलाचे ६६ जण स्फोटांत कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीस आग लागली, तेव्हा दलप्रमुख सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई हे चार अधिकारी त्या कामी बळी पडले. शहराच्या दलाचा प्रमुख स्वतः आगीच्या तोंडी उभा राहतो, ही या सेवेची रीत आहे.

संकट कोणाचे घर पाहून येत नाही. ११ ऑगस्ट २०२३ रोजी बंगळूर महानगरपालिकेच्या मुख्य कचेरीच्या आवारातच, कामांचा दर्जा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आग लागली. नऊ जण भाजले आणि त्यांतील एका वरिष्ठ अभियंत्याचा पुढे मृत्यू झाला. जे शहराच्या बांधकामांची परीक्षा घेतात, तेही या धोक्यापासून दूर नाहीत, हे त्या दिवशी दिसून आले.

शौर्याचा गौरव आपण करतो. प्रजासत्ताक दिनी व स्वातंत्र्यदिनी अग्निशमन सेवेतील जवानांना पदके जाहीर होतात आणि ती योग्यच आहेत. साधनेही वाढत आहेत. २०२३ च्या प्रारंभी बंगळूरच्या दलात ९० मीटर उंची गाठणारी शिडीगाडी दाखल झाली. परंतु शिडी कितीही उंच असली, तरी गल्लीच्या तोंडाशी उभ्या केलेल्या मोटारीपुढे ती थांबते. म्हणून शिडीवर चढणाऱ्याबरोबरच, ती गल्ली मोकळी करून घेणाऱ्याचाही मान झाला पाहिजे.

सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळूरच्या एका महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका आल्या. नव्या संस्थांना नवे पायंडे पाडता येतात. दर वर्षी १४ एप्रिलच्या सुमारास सभागृहाने पंधरा मिनिटे राखून ठेवावीत. त्या वेळी अग्निशामक केंद्रातील जवान, नियंत्रण कक्षात रात्रपाळीने दूरध्वनी घेणारे कर्मचारी, बंबाचे चालक आणि इमारत निरीक्षक यांना सन्मानाने बोलवावे. वर्षभरात कोणती कुलुपे निघाली, कोणते जिने मोकळे झाले, किती शाळांत कवायती झाल्या, हे वाचून दाखवावे. अशा सत्काराने पगार वाढत नाही, हे खरे. पण सभागृह आपल्या पाठीशी आहे, हे ज्याला जाहीरपणे कळले आहे, तो निरीक्षक दडपणापुढे सहसा वाकत नाही. ज्या शहरात ही पद्धत पडेल, तेथील नागरिकांनाच तिचा लाभ आहे.

वाचकहो, या सत्कारात आपल्यालाही वाटा उचलता येईल आणि त्यासाठी सभागृहात जावयास नको. आज सायंकाळी आपल्या इमारतीचा जिना गच्चीपर्यंत चढून पाहा. दाराला कुलूप असेल, तर आतून चटकन उघडेल अशी कडी बसविण्याविषयी शेजाऱ्यांशी बोला. जिन्यातील अडगळ हलवा. आगीच्या वेळी लिफ्ट वापरू नये, धुरात वाकून वा रांगत चालावे आणि १०१ क्रमांक फिरवावा, हे मुलांना शिकवा. पुढच्या वेळी तपासणीस येणाऱ्या माणसाला दारातून परत न पाठविता पाण्याचा पेला द्या, आणि त्याने दाखविलेली उणीव त्याच आठवड्यात दूर करा.