सी-डॅकच्या परिचालन प्रणाली

सी-डॅकच्या परिचालन प्रणाली : पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, या संस्थेने महासंगणक, वैयक्तिक संगणक, अग्रे व सेवासंगणक अशा निरनिराळ्या यंत्रांसाठी १९८८ पासून विकसित केलेल्या, किंवा इतरत्र तयार झालेल्या पण आपल्या गरजेनुसार घडवून घेतलेल्या, परिचालन प्रणाली आणि त्यांना जोडून चालणाऱ्या भारतीय लिपींच्या आज्ञावली. या सर्व प्रणाली संस्थेने मुळापासून लिहिल्या नाहीत. बहुतेक वेळा पाया परका होता व त्यावरील एखादा थर स्वतःचा होता. हा थर यंत्राच्या बाहेरून हळूहळू आत कसा सरकत गेला, हाच या प्रणालींच्या इतिहासाचा मुख्य विषय होय.

परिचालन प्रणालीचे कार्य : परिचालन प्रणाली म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम ही संगणकाची यंत्रसामग्री आणि उपयोजकाच्या कामाची आज्ञावली यांच्यामधील मूलभूत आज्ञावली असते. प्रक्रियकाचा वेळ व स्मृतीतील जागा यांचे वाटप करणे, धारिका साठविणे, कळफलकावरून आलेले संकेत स्वीकारणे आणि पडद्यावर अक्षरे उमटविणे ही तिची प्रमुख कामे होत. यांपैकी शेवटची दोन कामे भाषेशी निगडित आहेत. परिचालन प्रणालीस एखादी लिपी ठाऊक नसेल, तर तिच्यावर चालणाऱ्या कोणत्याही आज्ञावलीस ती सहजासहजी वापरता येत नाही. देवनागरीच्या बाबतीत ही अडचण विशेष तीव्र होती, कारण रोमन लिपीप्रमाणे तिची अक्षरे केवळ एकापुढे एक मांडून भागत नाही. मात्रा अक्षराच्या वर, खाली, मागे वा पुढे येते आणि जोडाक्षरात मूळ अक्षराचा आकारच बदलतो.

स्थापना व महासंगणक : १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेने प्रगत महासंगणकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले होते. या पार्श्वभूमीवर भारत सरकारने मार्च १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना केली आणि तीन वर्षांत स्वदेशी महासंगणक तयार करण्याचे काम तिच्यावर सोपविले. संस्थेचे पहिले संचालक विजय भटकर हे वऱ्हाडातील होत. त्यांचा जन्म अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावी १९४६ मध्ये झाला. त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा संगणक पूर्ण झाला. एकच अतिवेगवान प्रक्रियक वापरण्याऐवजी ट्रान्सप्यूटर या प्रकारचे अनेक प्रक्रियक एकमेकांस जोडून एकाच वेळी कामास लावणे, ही त्यामागील कल्पना होती. अशा यंत्रात कामाची विभागणी करणे आणि प्रक्रियकांमध्ये निरोपांची देवाणघेवाण घडवून आणणे ही खरी कठीण बाब असते. त्यासाठी संस्थेने ‘पारस’ नावाची समांतर आज्ञावलीरचनेची व्यवस्था तयार केली.

पुढील महासंगणकांत बाजारात मिळणारे प्रक्रियक वापरण्यात आले व त्यांबरोबर त्यांच्या उत्पादकांच्या परिचालन प्रणालीही आल्या. ‘परम १००००’ (१९९८) या संगणकात सन कंपनीची सोलॅरिस, तर ‘परम पद्म’ (२००३) मध्ये आयबीएम कंपनीची एआयएक्स ही प्रणाली होती. या दोन्ही प्रणाली युनिक्स कुळातील होत. सेकंदाला सु. एक लाख कोटी गणितकृत्ये करू शकणारा परम पद्म जून २००३ मध्ये जगातील ५०० महासंगणकांच्या यादीत १७१ व्या क्रमांकावर होता. ‘परम युवा’ (२००८) आणि त्यानंतरच्या संगणकांत लिनक्स ही खुली प्रणाली स्वीकारण्यात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली व कोलकाता येथील संशोधनासाठी ‘परम रुद्र’ संगणक कार्यान्वित झाले. अशा प्रकारे महासंगणकांच्या शाखेत संस्थेचा प्रवास एका उत्पादकाच्या बंदिस्त प्रणालीकडून सर्वांस पाहता व बदलता येणाऱ्या प्रणालीकडे झाला.

जिस्ट कार्ड : सामान्य नागरिकाच्या दृष्टीने संस्थेची दुसरी शाखा अधिक महत्त्वाची ठरली. कानपूर येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत १९८० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात भारतीय लिपींच्या संगणकीय वापराविषयी संशोधन झाले होते. त्यातून निघालेले ‘जिस्ट’ तंत्र मोहन तांबे यांच्याबरोबर १९८८ मध्ये पुण्यास सी-डॅकमध्ये आले. त्या वेळी कार्यालयांतील वैयक्तिक संगणकांवर डॉस ही परिचालन प्रणाली चाले. तिचा पडदा २५ ओळी व ८० स्तंभ अशा ठरीव चौकटींत विभागलेला असे आणि प्रत्येक चौकटीत एकच अक्षर बसे. देवनागरीस तिच्यात स्थान नव्हते. जिस्टने या प्रणालीत बदल न करता संगणकाच्या आत बसविता येईल असे एक स्वतंत्र कार्ड तयार केले. आज्ञावलीकडून पडद्याकडे जाणारे संकेत हे कार्ड वाटेतच वाचून घेई, त्यांतील भारतीय अक्षरे ओळखून त्यांची जुळणी करी आणि तयार आकार पडद्यावर उमटवी. त्यामुळे इंग्रजीसाठी लिहिलेल्या याद्यांच्या, हिशेबांच्या व लेखनाच्या आज्ञावलीही मराठीत वापरता येऊ लागल्या. युनिक्स प्रणालीच्या मोठ्या संगणकांस जोडावयाची जिस्ट अग्रेही याच तत्त्वावर तयार करण्यात आली.

संकेत व कळफलक : जिस्टचे टिकाऊ योगदान कार्डात नसून त्यामागील संकेतप्रणालीत आहे. ‘इस्की’ ही आठ द्विमान अंकांची संकेतप्रणाली भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रमाण केली. तिच्या पूर्वार्धात रोमन अक्षरे आणि उत्तरार्धात भारतीय अक्षरे आहेत. अक्षराचा आकार न साठविता उच्चाराचा क्रम साठवावयाचा, हे तिचे मूलतत्त्व होय. उदा., बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील रोहिणखेड या गावाचे नाव घेतल्यास त्यातील ‘हि’ या अक्षरात वेलांटी ‘ह’च्या अगोदर लिहिली जाते. टंकलेखन यंत्रावरही ती अगोदरच उमटवावी लागे. इस्कीत मात्र उच्चाराप्रमाणे प्रथम ‘ह’ व नंतर वेलांटी साठविली जाते. वेलांटी डावीकडे नेऊन बसविणे हे यंत्राचे काम असते. त्यानुसार या नावाचे र, ओकार, ह, ऱ्हस्व वेलांटी, ण, ख, एकार व ड असे आठ घटक होतात आणि ते आठ बाइटांत मावतात. शब्द अकारविल्हे लावणे व शोधणे यामुळे सुकर झाले. भारतीय लिपींतील समान उच्चाराच्या अक्षरांस समान संकेत असल्यामुळे हेच नाव गुजराती वा कन्नड लिपीत उमटविणेही सोपे झाले. स्वर डावीकडे व व्यंजने उजवीकडे अशी मांडणी असलेला ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक याच उच्चारक्रमावर आधारलेला आहे.

विंडोज व टंकांचा काळ : १९९० नंतरच्या दशकात चित्रमय पडद्याची विंडोज प्रणाली सर्वत्र पसरली व स्वतंत्र कार्डाची गरज उरली नाही. तेव्हा सी-डॅकने लिपीचे काम आज्ञावलीच्या रूपाने करणारी ‘आयएसएम’ व ‘लीप ऑफिस’ यांसारखी उत्पादने तयार केली. मात्र विंडोजच्या तत्कालीन आवृत्त्यांस देवनागरी ठाऊक नसल्याने अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले टंक, म्हणजे फाँट, वापरावे लागले. सी-डॅकने आपल्या टंकांसाठी ‘इस्फॉक’ ही संकेतरचना ठरविली. इतर उत्पादकांच्या रचना वेगळ्या होत्या. परिणामी एका टंकात लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर उघडल्यास रोमन अक्षरांचा निरर्थक समूह दिसे. रोहिणखेड हे नाव दोन कार्यालयांत दोन टंकांत लिहिलेले असले, तर पडद्यावर व कागदावर ते सारखेच दिसे, पण संगणकाच्या लेखी ते दोन भिन्न शब्द असत. एकाचा शोध घेतला असता दुसरे सापडत नसे. या काळातील मराठी वृत्तपत्रे, पुस्तके व कार्यालयीन नोंदी यांचा मोठा साठा अशा रचनांत आहे. योग्य रूपांतरक उपलब्ध नसेल, तर तो धारिकारूपाने असूनही वाचता येत नाही. लिपी परिचालन प्रणालीच्या बाहेर राहिल्याची ही किंमत होती.

युनिकोड : जगातील सर्व लिपींसाठी एकच संकेतप्रणाली असावी या हेतूने युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेला आहे. त्यामुळे उच्चारक्रमाचे तत्त्व व अक्षरांची मांडणी जागतिक मानकात आली. विंडोज २००० या आवृत्तीत देवनागरीची जुळणी प्रथमच परिचालन प्रणालीच्या गाभ्यात समाविष्ट झाली व इन्स्क्रिप्ट कळफलकही तिच्यासोबत मिळू लागला. तिच्यातील ‘मंगल’ या देवनागरी टंकाचे अभिकल्पक मराठी सुलेखनकार र. कृ. जोशी हे होत. ते मुंबईच्या ज्या राष्ट्रीय आज्ञावली-तंत्र केंद्रात काम करीत, ते पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाले. युनिकोडच्या यूटीएफ-८ या सर्वाधिक प्रचलित पद्धतीत प्रत्येक देवनागरी घटकास तीन बाइट लागत असल्याने रोहिणखेड हे नाव आठांऐवजी २४ बाइट व्यापते. मात्र ते कोणत्याही देशातील संगणकावर जसेच्या तसे वाचता येते.

एकच मानक स्वीकारल्यावर भाषेच्या खास गरजा त्यात नोंदवून घ्याव्या लागतात. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे दरीचे अनेकवचन. हिंदीस हा भेद आवश्यक नाही, मराठीस तो टाळता येत नाही. युनिकोडमध्ये पहिल्या शब्दात साधा ‘र’, तर दुसऱ्यात नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरून तो साधला जातो. त्याचप्रमाणे ‘ॲ’ या अक्षरास स्वतंत्र संकेत २००८ मधील ५.१ या आवृत्तीत मिळाला. मानक एक झाले, तरी लेखनभेदाचा प्रश्न मात्र त्यामुळे सुटत नाही. १४३७ व १५९० मधील लढायांच्या संदर्भात रोहिणखेडचे नाव जुन्या इंग्रजी गॅझेटिअरात ‘रोहनखेड’ अशा वळणाने येते. हे एकच गाव होय, हे यंत्रास वेगळे सांगावे लागते.

बॉस : मुक्त व खुल्या आज्ञावलींच्या प्रसारासाठी २००५ मध्ये चेन्नई येथे एक राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. सी-डॅकची चेन्नई शाखा व अण्णा विद्यापीठाचे संशोधन केंद्र यांचा त्यात सहभाग होता. या कार्यातून २००७ मध्ये ‘भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स’, संक्षेपाने ‘बॉस’, ही परिचालन प्रणाली प्रसिद्ध झाली. ती लिनक्सच्या डेबियन या वितरणावर आधारलेली असून तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. मेजावरील संगणकाखेरीज सेवासंगणकासाठी आणि शाळांसाठी तिच्या स्वतंत्र आवृत्त्या निघाल्या. जिस्ट कार्डाच्या वेळी लिपी परक्या प्रणालीबाहेर उभी होती, तर बॉसमध्ये ती प्रणालीचाच भाग झाली. शिवाय मूळ आज्ञावली खुली असल्यामुळे भाषाविषयक दोष आढळल्यास तो येथेच दुरुस्त करणे शक्य झाले. तथापि बहुतेक कार्यालये व घरे विंडोजच वापरीत राहिली. नेहमीच्या कामाच्या अनेक आज्ञावली विंडोजसाठीच लिहिलेल्या असणे, हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

भ्रमणध्वनी : खेड्यापाड्यांत अनेकांच्या हाती आलेला पहिला संगणक म्हणजे स्मार्टफोन होय. त्यावरील अँड्रॉइड ही गूगल कंपनीची प्रणालीही लिनक्सच्याच गाभ्यावर उभी आहे. तिच्या २०१४ मधील ५.० या आवृत्तीत मराठीचा समावेश झाला. त्यापूर्वी फोनवर मराठीची सोय सर्वत्र सारखी नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी मुंबईच्या एका खाजगी कंपनीने २०१५ मध्ये अँड्रॉइडवर आधारित ‘इंडस ओएस’ ही भारतीय भाषांची प्रणाली बाजारात आणली. राकेश देशमुख हे तिच्या संस्थापकांपैकी एक होत. मूळ अँड्रॉइडमध्येच भारतीय भाषा आल्यानंतर अशा स्वतंत्र थराची गरज कमी झाली. पुढे ही कंपनी फोनपे या कंपनीकडे गेली व २०२४ मध्ये तिने इंडस या नावाने आज्ञावलींचे वितरण-भांडार सुरू केले. जिस्ट कार्डाचा अनुभव येथे पुन्हा आला : बाहेरून जोडलेला थर गाभा सुधारला की अनावश्यक ठरतो.

मूल्यमापन : व्यापारी यशाच्या दृष्टीने पाहिल्यास सी-डॅकच्या प्रणालींचा प्रसार मर्यादित राहिला. पारस व जिस्ट कार्ड वापरातून गेली आहेत आणि बॉसचा उपयोग प्रामुख्याने शासकीय व शैक्षणिक क्षेत्रांत झाला. तथापि या कार्यातून निघालेली मानके टिकली. अक्षराचा आकार न साठविता उच्चाराचा क्रम साठवावा हा निर्णय आज प्रत्येक फोनमध्ये व महासंगणकात, उत्पादक कोणीही असला तरी, पाळला जातो. उलट जेथे मानकाऐवजी खाजगी टंकरचनांवर भिस्त ठेवण्यात आली, तेथील मजकूर यंत्र बदलताच दुर्बोध झाला. परिचालन प्रणाली काही वर्षांनी बदलते, गावाची नोंद मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाचता यावी लागते. म्हणून जुन्या टंकांतील मराठी मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे आणि मराठीच्या गरजा मानके ठरविणाऱ्या संस्थांपुढे वेळीच मांडणे, ही दोन कामे नवी प्रणाली तयार करण्याइतकीच महत्त्वाची आहेत.