आठ्या, सुरकुत्या आणि सुई

पूर्वी लग्नसराई जवळ आली की आपल्या जुन्या मराठी घरांतील बायकांच्या खेपा दोन ठिकाणी होत. एक सोनाराकडे आणि दुसरी शालूच्या दुकानात. अलीकडे त्यांत तिसऱ्या ठिकाणाची भर पडली आहे. कपाळावरच्या आठ्या आणि डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या इंजेक्शनाने घालवून देणारे ते ठिकाण. केवळ बायकाच कशाला, लेकीच्या लग्नात व्याह्यांशेजारी उभे राहावयाचे म्हणून पन्नाशीचे वधुपितेही तेथे गुपचूप जाऊन येतात. या हौसेची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. चेहरा नीटनेटका दिसावा असे कोणास वाटत नाही? आपल्या आज्याही हळदीचे उटणे लावीतच होत्या. मात्र उटणे पाण्याने धुऊन जाते. सुईने आत गेलेले औषध धुता येत नाही. म्हणून ते काय आहे, हे आधी समजून घेतलेले बरे.

सामान्य बोलण्यात या इंजेक्शनास 'बोटॉक्स' म्हणतात. ते वस्तुतः एका कंपनीच्या औषधाचे नाव होय. आतील द्रव्याचे नाव बोट्युलिनम टॉक्सिन. टॉक्सिन म्हणजे विष, आणि हे तर ज्ञात विषांपैकी सर्वांत जालीम. या विषयात गायनमास्तराने का पडावे, असे कोणी विचारील. पण या विषाची कुंडली मांडू लागलो की पानोपानी संगीत भेटते.

जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बिघडलेले सॉसेज, म्हणजे आतड्यात भरलेले मांस, खाऊन माणसे मरत. डोळ्यांपुढे एकाच्या दोन वस्तू दिसत, पापण्या मिटू लागत, घास गिळवेना, आणि शेवटी श्वास थांबे. युस्टिनुस केर्नर नावाच्या वैद्याने १८२० आणि १८२२ साली अशा रोग्यांची तपशीलवार हकीकत छापली. त्याने हे विष थोडेसे स्वतः चाखूनही पाहिले. हे विष अत्यल्प मात्रेत दिले तर अनावर झालेल्या स्नायूंना शांत करील, हा तर्कही त्याचाच. हा केर्नर कवीही होता, आणि शूमान या थोर संगीतकाराने १८४० साली त्याच्या बारा कवितांना चाली दिल्या आहेत.

पुढचा प्रसंग बेल्जियममधील एलेझेल या खेड्यातला. डिसेंबर १८९५ मध्ये एका अंत्ययात्रेत वाजविण्यासाठी गावचा बँड आला होता. वाजवून झाल्यावर मंडळी जेवावयास बसली आणि त्यांनी खारवलेले डुकराचे मांस खाल्ले. त्यांतील तिघे दगावले आणि कित्येक मरणाच्या दारातून परत आले. गेंट येथील प्राध्यापक एमिल व्हान एर्मेनगेम यांनी त्या मांसातून आणि मृताच्या शरीरातून तो जंतू वेगळा काढला व १८९७ साली ते संशोधन प्रसिद्ध केले. लॅटिन भाषेत 'बोट्युलस' म्हणजे सॉसेज. त्यावरून जंतूचे नाव पडले. गरीब बँडवाल्यांच्या एका जेवणाने शास्त्राला ही माहिती दिली.

विषाचे औषध झाले ते अमेरिकेत. १९४६ साली हे विष शुद्ध स्फटिकरूपात मिळविण्यात आले. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रवैद्य डॉ. अ‍ॅलन स्कॉट यांनी ते प्रथम माकडांवर व पुढे माणसांवर वापरून तिरळेपणावर उपाय शोधला, आणि १९८९ साली अमेरिकन सरकारने तिरळेपणासाठी व पापण्यांच्या आचक्यांसाठी त्यास मान्यता दिली. सुरकुत्यांचा शोध योगायोगाने लागला. कॅनडातील व्हँकुव्हर येथे डॉ. जीन कॅरुथर्स पापण्यांच्या रोग्यांना ही सुई देत असत. भुवयांमधल्या आठ्याही नाहीशा होतात, हे तेथे लक्षात आले. त्वचारोगतज्ज्ञ असलेले त्यांचे पती डॉ. अ‍ॅलेस्टेर यांच्यासह त्यांनी १९९२ साली निबंध प्रसिद्ध केला. एप्रिल २००२ मध्ये अमेरिकेत भुवयांमधल्या आठ्यांसाठी हे औषध रीतसर मान्य झाले.

आता ते काम कसे करते ते पाहू. मज्जातंतूचे टोक स्नायूला 'आवळ' असा निरोप एका रसायनाद्वारे पाठविते. हे विष त्या टोकात शिरून निरोप अडविते. स्नायू सैल पडतो, आणि त्याच्या ओढीने त्वचेवर पडणारी घडी उलगडते. परिणाम दोन-तीन दिवसांत दिसू लागतो, पंधरवड्यात पुरा होतो, आणि तीन-चार महिन्यांनी मज्जातंतूचे काम पूर्ववत सुरू झाले की ओसरतो. म्हणजे हा उपाय कायमचा नव्हे. तसेच तो स्नायूंच्या हालचालीने पडणाऱ्या सुरकुतीवरच चालतो. उन्हाने करपून आणि वयाने सैलावून पडलेल्या सुरकुतीवर त्याचा फारसा प्रभाव पडत नाही.

एवढे भयंकर विष आणि तरी ते चेहऱ्यात कसे टोचतात? सारे मर्म मात्रेत आहे. मूळ बोटॉक्सच्या १०० एककांच्या कुपीत एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या जेमतेम पाचपट द्रव्य असते. भुवयांमधल्या आठ्यांसाठी पाच जागी मिळून २० एकके देतात. माकडांवरील प्रयोगांवरून मोठ्या माणसास घातक मात्रेचा अदमास अडीच ते तीन हजार एककांचा आहे. म्हणून जाणत्या डॉक्टरच्या हाती, अस्सल कुपीतून, योग्य जागी दिलेली सुई बहुतेकांना निर्धोक ठरते. थोडी डोकेदुखी, सुईच्या जागी काळेनिळे पडणे, क्वचित एखादी पापणी काही आठवडे खाली येणे, एवढेच त्रास सामान्यतः होतात.

हेच विष कलावंतांच्या उपयोगीही पडले आहे. स्वरयंत्राचे स्नायू आपोआप आवळून आवाज तुटक, घुसमटल्यासारखा होण्याची एक व्याधी आहे. १९८४ पासून तीवर स्वरतंतूच्या स्नायूत ही सुई देतात. आठ-पंधरा दिवस आवाज हवेशीर होतो, मग काही महिने मोकळा चालतो. लिऑन फ्लायशर हे अमेरिकेचे नामांकित पियानोवादक. १९६० नंतरच्या दशकात त्यांच्या उजव्या हाताची बोटे आत वळू लागली. जवळजवळ तीस वर्षे त्यांनी केवळ डाव्या हाताच्या रचना वाजविल्या. १९९० नंतर या इंजेक्शनाने व अंगमर्दनाच्या उपचाराने त्यांचा उजवा हात पुन्हा पियानोवर आला. २०२० साली ते निवर्तले. तेव्हा या औषधाला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल.

धोका आहे तो औषध कोणाच्या हाती आहे यात. माझ्याकडे गाणे शिकणाऱ्या एक बाई पुतण्याच्या लग्नापूर्वी चार दिवस एका ब्यूटी पार्लरमध्ये स्वस्तात ही सुई घेऊन आल्या. पुढच्या आठवड्यात तंबोरा जुळवताना पाहिले, तर त्यांची डावी पापणी अर्धी मिटलेली. मी म्हणालो, "बाई, आधी डॉक्टरांकडे जा, रियाज नंतर." डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारले, औषध कोणते, किती एकके, कुपीवर काय लिहिले होते? बाईंना एकाचेही उत्तर देता येईना. "गुरुजी, मी विचारलेच नाही हो, त्यांनी ट्रेमधून भरलेली पिचकारीच आणली," एवढेच त्या सांगू शकल्या. सहा आठवड्यांनी पापणी आपोआप वर आली. पण लग्नाच्या प्रत्येक फोटोत एक डोळा झाकलेला आहे, आणि आपल्या अंगात काय गेले हे त्यांना आजही माहीत नाही.

त्या थोडक्यात सुटल्या असेच म्हणावे लागेल. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, परवाना निलंबित असलेल्या एका डॉक्टराने प्रयोगशाळेसाठी बनविलेले कच्चे विष सौंदर्याच्या सुईत भरले, आणि स्वतःसकट चौघांना पक्षाघात करून घेतला. ते कित्येक आठवडे कृत्रिम श्वासावर होते. एप्रिल २०२४ मध्ये त्याच देशाच्या ११ राज्यांतून २२ बायकांना नकली अथवा गैररीतीने हाताळलेल्या सुयांनी बाधा झाल्याचे तेथील सरकारी आरोग्यखात्याने जाहीर केले. त्यांपैकी निम्म्या जणींना रुग्णालयात जावे लागले. एवढ्या जागरूक देशात असे घडते, तर आपण किती सावध असावे!

याच पार्लरांत 'फिलर' नावाची दुसरी सुई मिळते. ती स्नायू सैल करीत नाही, खळगा भरून काढते. दोहोंत लोक गोंधळ करतात. फिलर चुकून रक्तवाहिनीत शिरला तर तेवढी त्वचा मरते, आणि क्वचित एका डोळ्याची दृष्टी कायमची जाते. हायल्युरॉनिक आम्लाचा फिलर विरघळविणारे औषध आहे. ते जवळ नसलेल्या माणसाने ही सुई हाती धरूच नये. जुना इतिहासही हेच सांगतो. १८९९ साली व्हिएन्नात पॅराफिनचे मेण टोचण्याची टूम निघाली, आणि पुढे कित्येकांच्या चेहऱ्यांवर गाठी उठल्या.

ज्यांना जावयाचेच आहे त्यांनी चार गोष्टी पाहाव्या. टोचणारा नोंदणीकृत डॉक्टर, त्यातही त्वचारोगाचा अथवा प्लास्टिक सर्जरीचा पदवीधर असावा. कुपी आपल्यासमोर शीतकपाटातून काढून फोडावी. तीवरचे नाव, तुकडीचा क्रमांक व मुदत वाचून घ्यावी. किती एकके दिली ते कागदावर लिहून मागावे, कारण एका कंपनीचे एकक दुसरीच्या एककाबरोबर नसते. लग्न, मैफल, प्रवास यांच्या निदान तीन आठवडे आधी जावे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायका, मायस्थेनियासारख्या स्नायूंच्या दुबळेपणाच्या व्याधीचे रोगी, आणि काही विशिष्ट अँटिबायोटिके घेणारे यांनी जाऊ नये. सुईनंतर गिळताना, बोलताना वा श्वास घेताना अडचण झाली, अगर एकाचे दोन दिसू लागले, तर पार्लरच्या आश्वासनावर न थांबता थेट मोठ्या रुग्णालयात जावे. प्रतिविष आहे, पण ते लवकर मिळाले तरच उपयोगी पडते.

गाणाऱ्यांना एक विशेष सांगणे. मानेवरच्या शिरा ताणलेल्या दिसतात म्हणून तेथे सुई घेण्याची पद्धत निघाली आहे. तिचा परिणाम आतवर पसरला तर गिळणे व आवाज दोन्ही बिघडतात. गळ्यावर पोट असणाऱ्याने हा सौदा करू नये.

देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास राहिलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त गायकाचे पंचवीस दोष मोजले आहेत. गाल भोपळ्यासारखे फुगविणारा, शिरा ताणून गाणारा, डोळे मिटून गाणारा, हे सारे त्यात येतात. माझ्या वडिलांनी तरुणपणी बडोदे दरबारात सेवा केली होती. उतारवयात मला शिकविताना ते आरसा पुढे ठेवून पलटे घोटवून घेत, कारण हे दोष सुईने नव्हे, सवयीने जातात. उलट नाट्यशास्त्राने भुवयांच्या सात हालचाली सांगितल्या, त्यांत भ्रुकुटीलाही मानाचे स्थान आहे. रागावलेली आई, कोडे सोडविणारा मुलगा, अवघड जागा घेणारा गवई, यांच्या कपाळावर आठी येणारच. ती काढावयाची की ठेवावयाची, हे ज्याचे त्याने ठरवावे. काढावयाची झाली तर मात्र कुपीवरचे नाव वाचल्यावाचून कपाळ कोणाच्या हाती देऊ नये.