पत्र्याचे इंजिन : अस्सल आणि नक्कल

आगगाडीचे खेळणे तुम्ही पाहिलेच असेल. पण जत्रेत मिळणारे आणि दोन दिवसांत मोडणारे प्लॅस्टिकचे खेळणे मी म्हणत नाही. मी सांगणार आहे ते पत्र्याच्या इंजिनाबद्दल. लहान मुलाला उचलायला दोन हात लागतील इतके जड, पितळी पट्ट्यांनी सजवलेले, विजेवर धावणारे असे हे इंजिन. अशी इंजिने शंभर वर्षांपूर्वी युरोपात आणि अमेरिकेत झाली. त्यांच्या हुबेहूब नकलाही गेल्या पन्नास वर्षांत तिकडे निघाल्या. अस्सल आणि नक्कल शेजारी शेजारी ठेवून तासन् तास न्याहाळणारे शौकीन तिकडे पुष्कळ आहेत. एवढे काय पाहतात ते? आणि नक्कल म्हटली की ती लबाडीच का? जरा तपशिलात शिरूनच पाहू या.

आधी हा पत्रा कोणता ते बघा. कल्हईवाला तांब्यापितळेच्या भांड्याला आतून जो पांढरा धातू लावतो, ते कथील. तेच कथील पोलादाच्या पातळ पत्र्यावर दोन्ही अंगांनी चढवले की टिनचा पत्रा तयार होतो. गोडेतेलाचा चौकोनी डबा याच पत्र्याचा. हा पत्रा सहजी गंजत नाही, त्याला झाळ चांगली बसते, आणि ठशात घालून दाबला की त्यावर खिडक्या, दारे, रिव्हेटांच्या ओळी स्वच्छ उमटतात. एका तुकड्याच्या कडेला बारीक जिभल्या ठेवायच्या, दुसऱ्याला फटी पाडायच्या, जिभल्या फटींतून घालून दुमडायच्या, की इंजिनाची पेटी उभी राहिली. आपल्याकडचा डबे करणारा कारागीर हे पाहील तर म्हणेल, यात नवे ते काय? आणि ते खरेच आहे. कसब तेच, फक्त माप बारीक आणि ठसे महाग.

या धंद्यात जर्मनी आघाडीवर होती. ग्योपिंगेन गावच्या मेर्क्लिन कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत खेळण्यातल्या रुळांची ठरावीक मापे मांडली. इंग्लंडात लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० साली आपल्या गाड्या बाजारात आणल्या. पण नकलांची खरी गंमत पाहायची तर अमेरिकेत जायला हवे. न्यूयॉर्कच्या जोशुआ लायनेल कॉवेन यांनी १९०० साली लायनेल कंपनी काढली. १९०६ साली त्यांनी रुळांमधले अंतर धरले दोन पूर्णांक एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे ५४ मिलिमीटर, आणि आपल्या मापाला नावच देऊन टाकले 'स्टँडर्ड'. म्हणजे बाकीच्यांची मापे आपोआप बेहिशेबी ठरली! व्यापारी डोके म्हणतात ते हे.

या मापाचे एक इंजिन उदाहरणादाखल घेऊ. त्याचे नाव '३८१ ई', साल १९२८. अमेरिकेतल्या मिलवॉकी रेल्वेच्या विजेच्या अजस्र इंजिनांवरून ते बेतलेले होते. नावातला 'ई' उगाच नाही. वीज तोडून पुन्हा दिली की इंजिनाची दिशा बदलणारी यंत्रणा आत आहे, याची ती खूण. त्याच्यामागे जोडायचे डबे प्रत्येकी सुमारे पावणेदोन फूट लांब, आणि त्यांना कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, इलिनॉय, न्यूयॉर्क अशी राज्यांची नावे. दिमाख मोठा, पण घोटाळा असा झाला की इंजिनात मोटर एकच, आणि हे चार अवजड डबे ओढताना तिला धाप लागे. लायनेलला लवकरच त्या डब्यांपुढे दोन मोटरींचे '४०८ ई' इंजिन जुंपावे लागले. दिसायला देखणा बैल चढाला लागला की बसतो, त्यातलाच प्रकार.

१९२९ च्या मंदीनंतर एवढी महाग खेळणी घेणार कोण? सव्वा इंची रुळांच्या लहान गाड्या पुढे आल्या आणि १९४० च्या सुमारास 'स्टँडर्ड' मापाची इंजिने बंद पडली. मुले मोठी झाली, इंजिने माळ्यावर गेली. १९५४ साली पेनसिल्व्हेनियात संग्राहकांची संघटना उभी राहिली, जुन्या इंजिनांची मागणी वाढली, भाव चढले. मग १९७० च्या दशकात मेरीलँडमध्ये जेरी विल्यम्स यांनी या जुन्या इंजिनांच्या नकला करून विकायला सुरुवात केली. त्यांच्याकडे पोरवयात काम शिकलेले माइक वुल्फ यांनी १९८० साली 'एम. टी. एच.' हा स्वतःचा व्यवसाय काढला. या नकला पुढे कोरियात आणि चीनमध्ये तयार होऊ लागल्या. २००९ साली तर लायनेलशी करार होऊन त्या खुद्द लायनेलच्या नावाने बाजारात आल्या. आता सांगा, मूळ कंपनीचे नाव घेऊन दुसऱ्याने केलेली वस्तू अस्सल म्हणायची की नक्कल? संग्राहक तिला नक्कलच म्हणतात, आणि माझ्या मते बरोबर म्हणतात. नाव उसने घेता येते, साल उसने घेता येत नाही.

मग ओळखायचे कसे? इंजिन उलटे करा. वरची बाजू सगळेच सजवतात, खरे बोलते ते पोट. स्क्रूच्या डोक्यावर एकच आडवी खाच आहे की फुली आहे, ते पाहा. फुलीचा स्क्रू कारखान्यांत आला तो १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात. तेव्हा १९२८ च्या म्हणवणाऱ्या इंजिनात तो दिसला, तर निदान तो स्क्रू तरी मागाहून बसलेला आहे. उलट, आडव्या खाचेचा स्क्रू दिसला म्हणून इंजिन जुनेच, असे मात्र म्हणता येत नाही, कारण जाणकार नक्कलकारही तसाच स्क्रू वापरतो. एका पुराव्यावर निकाल देऊ नये तो यासाठी. नंतर लोहचुंबक घ्या. पत्र्याला तो चिकटतो, पितळेला किंवा जस्ताला चिकटत नाही. पत्र्यावरही कुठे त्याची पकड ढिली वाटली, तर तिथे लांबी भरून वर रंग दिला असण्याचा संभव धरा.

सर्वांत बोलका भाग म्हणजे चाके. ती पत्र्याची नसतात, जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात. १९२० आणि १९३० च्या दशकांत ओतकामात शुद्धतेची काळजी पुरेशी घेतली जात नसे. जस्तात शिशाचा थोडासा अंश राहिला, की दमट हवेत धातूच्या कणांच्या सांध्यांतून आतल्या आत गंज चालू होतो. बाहेरून काही दिसत नाही. वर्षे लोटतात, चाक फुगते, तडे जातात, आणि एके दिवशी बोटांत ढेकळासारखे चुरते. यावर औषध नाही. न्यूआर्कच्या डॉर्फन कंपनीने तर इंजिनांच्या पेट्याच या धातूच्या ओतल्या. पत्र्यापेक्षा मजबूत म्हणून त्यांची जाहिरात झाली, आणि आज त्यांतल्या धड राहिलेल्या शोधाव्या लागतात. साधा पत्रा मागे उरला.

म्हणूनच जुन्या इंजिनाखाली गुळगुळीत, बिनतड्याची चाके दिसली की संग्राहक आनंदाने नाचत नाही. चाके केव्हा बदलली, हे तो आधी विचारतो. नकलेच्या कारागिरीचा उपयोग इथे होतो. नव्याने ओतलेली चाके सुटी मिळतात, ती बसवली की म्हातारे इंजिन पुन्हा चालू लागते. गाडीचे चाक बदलले म्हणून गाडी काही दुसरी होत नाही. मात्र विकताना ते सांगितले पाहिजे.

लबाडी सुरू होते ती न सांगण्यापासून. चांगल्या नकलेच्या पोटावर करणाऱ्याचे नाव किंवा खूण असते. ती खूण कुणी घासून काढली, वरून धूळ चोळली, कोपऱ्यांचा रंग खरवडला, की तीच प्रामाणिक वस्तू खोटी झाली. अस्सलाची किंमत नकलेच्या कितीतरी पट असू शकते, त्यामुळे मोह मोठा. रंगाचेही तसेच. आपल्याकडे भांडे घासून लख्ख केले की घरच्या बाईचे कौतुक होते. तिथे उलटे आहे. खरचटलेला का होईना, मूळचा रंग हवा. हौसेने नवा रंग दिलेत तर किंमत उतरलीच समजा.

शिक्षकांना यातले थोडे वर्गात करता येईल. गोडेतेलाचा एक जुना आणि एक नवा डबा मुलांपुढे ठेवावा, भिंग आणि लोहचुंबक द्यावे आणि सांधे, कडा, गंज, छपाई यांतले फरक त्यांनाच शोधू द्यावेत. 'हा जुना आहे' एवढे म्हणून न थांबता 'कशावरून?' हे विचारावे. लहान आगगाड्यांची हौस असणाऱ्यांसाठी पुण्यात कोथरूडला जोशी यांचे संग्रहालयही आहे. तिथल्या धावत्या गाड्या या पत्र्याच्या इंजिनांपेक्षा पुष्कळ लहान मापाच्या आहेत, पण मुले तिथून लवकर निघत नाहीत.

'३८१ ई'च्याही नकला निघाल्या. त्यांतल्या काहींत नव्या तऱ्हेची मोटर आणि शिट्टीचे, घंटेचे आवाज काढणारी विजेची यंत्रणा आहे. इथे शौकिनांत दोन तट पडतात. एक म्हणतो, मूळ इंजिनाला जे जमले नाही ते नकलेने करून दाखवले तर बिघडले कुठे? दुसरा म्हणतो, मग ती नक्कल कसली, ते वेगळेच इंजिन झाले. कारखानदाराने दोघांचेही ऐकले. तो अशी इंजिने दोन तऱ्हांची विकू लागला, एक नव्या यंत्रणेचे आणि दुसरे जुन्या धर्तीच्या मोटरीचे. वरून पाहिले तर दोन्ही सारखीच.