सेंट्रल लॉक : त्या ‘टक’ आवाजामागे काय घडतं?

गाडीचं दार किल्ली फिरवून उघडणारा माणूस आता क्वचितच दिसतो. रिमोटचं बटण दाबलं की चारही दारांतून ‘टक’ असा आवाज येतो, इंडिकेटर एकदा लुकलुकतात आणि आपण चालू लागतो. नव्या गाड्यांत तर रिमोट खिशातून काढावाही लागत नाही. गाडी घेताना आपण मायलेज बघतो, सनरूफ बघतो, टचस्क्रीन केवढा आहे ते बघतो. पण बॅटरी पूर्ण उतरली तर दार कुठून आणि कसं उघडायचं, हे शोरूममध्ये सहसा कोणी विचारत नाही.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा बी.ई., पोटापाण्याला सॉफ्टवेअर. त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमानंतर पार्किंगमध्ये कोणाचा रिमोट चालेनासा झाला की हाक मला येते. तेव्हा होणाऱ्या गप्पांतून एक गोष्ट लक्षात आली. सेंट्रल लॉक म्हणजे काहीतरी पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक प्रकरण आहे, वीज गेली की दार कायमचं बंद, असं बऱ्याच जणांना वाटतं. बहुतेक गाड्यांत तसं नसतं. वीज तिथे फक्त एक छोटासा खटका हलवते, दार उघडण्याचं खरं काम आजही लोखंडाचंच आहे. हे एकदा नीट कळलं की अडचणीच्या वेळी हातपाय गळत नाहीत.

कडी वेगळी, कुलूप वेगळं

आपल्या वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या जुन्या वाड्यांत कडी-कोयंड्याची दारं अजून बघायला मिळतात. कडी कोयंड्यात अडकली की दार बंद राहतं. कुलूप नंतर येतं, ती कडी दुसऱ्या कोणी काढू नये म्हणून.

गाडीतही हेच दोन भाग आहेत. दार उघडून समोरच्या खांबाकडे बघा. तिथे इंग्रजी यू अक्षरासारखी पोलादी कडी बसवलेली दिसेल. हा झाला कोयंडा. दाराच्या कडेला एक फट असते, तिच्यात खेकड्याच्या नांगीसारखा एक पंजा असतो. दार ढकललं की पंजा फिरून कोयंड्याला धरतो आणि मागून एक खिटी येऊन त्याला उलटं फिरू देत नाही. या सगळ्याला लॅच म्हणतात. पकड दोन टप्प्यांत बसते. पहिल्याच टप्प्यावर अडकलं की दार बंद दिसतं, पण डॅशबोर्डवरचा दिवा जळत राहतो आणि कोणीतरी म्हणतं, ‘‘अरे, दार नीट लागलं नाहीये.’’

आपण हँडल ओढतो तेव्हा एक सळई किंवा तार त्या खिटीला बाजूला करते. पंजा सुटतो, दार उघडतं.

मग लॉक काय करतं? ते दाराला जास्त घट्ट धरून ठेवत नाही. ते फक्त हँडल आणि खिटी यांच्यातला दुवा तोडतं. लॉक केलेल्या गाडीचं बाहेरचं हँडल ओढलं तर ते हलतं, पण त्याचा जोर खिटीपर्यंत पोहोचतच नाही. नुसती बंद केलेली आणि लॉक केलेली, दोन्ही दारं सारख्याच ताकदीने बंद असतात. हा लेख वाचून एवढं एकच लक्षात राहिलं तरी पुरे.

बारा व्होल्टची छोटी मोटर

दुवा जोडायला आणि तोडायला प्रत्येक दाराच्या आत एक छोटी मोटर असते, खेळण्यातल्या गाडीत असते साधारण तशीच. ती गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. मोटर फार वेगाने फिरते, पण तिच्यात जोर कमी. म्हणून पुढे दातेरी चाकं जोडून वेग कमी आणि जोर जास्त केला जातो. वीज एका दिशेने दिली की लॉक, उलट दिशेने दिली की अनलॉक. काम अर्ध्या सेकंदाच्या आत संपतं आणि मोटर थांबते. तो ‘टक’ आवाज याच यंत्राचा.

कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या स्क्रिप्स-बूथ कंपनीने १९१४ मध्येच विजेवर चालणारी दाराची कुलपं दिली होती. ती तेव्हा रुळली नाहीत. १९५६ मध्ये पॅकार्डने आपल्या महागड्या गाड्यांत ती पुन्हा आणली आणि नंतर हळूहळू ती सगळीकडे पसरली.

आज या मोटरींना हुकूम देतो तो बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाचा छोटा संगणक. इथे माझ्या धंद्याचा संबंध येतो, कारण बाकीचे सगळे नियम सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेले असतात. गाडीने ठरावीक वेग गाठला, बऱ्याच गाड्यांत ताशी २० किलोमीटरच्या आसपास, की दारं लॉक करा. एअरबॅग उघडली की दारं अनलॉक करा. रिमोटने अनलॉक केल्यावर अर्ध्या-एक मिनिटात एकही दार उघडलं नाही तर पुन्हा लॉक करा. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा. किल्ली आत ठेवून बाहेर उभं राहिलेल्या माणसाला तो चांगलाच महागात पडू शकतो.

चारपैकी एकच दार उशिरा लॉक होतंय किंवा आतून नुसताच घरघर आवाज येतोय, तर सहसा त्या दाराची मोटर किंवा तिची प्लॅस्टिकची चाकं झिजलेली असतात. दार आणि खांब यांच्यामध्ये एक रबरी नळी दिसते, तिच्यातून वायरी जातात. हजारो वेळा दार उघडमिट करून त्यातली एखादी तुटते. पावसाळ्यात काचेच्या फटीतून दारात पाणी शिरतंच. ते वाहून जायला दाराच्या खालच्या कडेला भोकं असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आत साचतं आणि यंत्राला गंज धरतो. सर्व्हिसिंगला देताना ही भोकं साफ करायला सांगा.

हवेतून जाणारा ओटीपी

रिमोटने उघडणारी पहिली गाडी म्हणून १९८२ च्या फ्रेंच रेनॉ फुएगोचं नाव घेतलं जातं. आपल्याकडचे रिमोट बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरी वापरतात. रिमोट रोज एकच संदेश पाठवत असता, तर पार्किंगमध्ये कोणीही तो रेकॉर्ड करून नंतर वाजवला असता. म्हणून रोलिंग कोड आला. रिमोट आणि गाडी दोघांकडे एक गुप्त किल्ली आणि एक मोजणी असते. प्रत्येक वेळी बटण दाबलं की मोजणी एकने पुढे जाते आणि नवा कोड तयार होतो. एकदा वापरलेला कोड गाडी पुन्हा घेत नाही. बँकेच्या ओटीपीसारखंच हे. घरी बाळाने खेळता खेळता पंचवीस वेळा बटण दाबलं तरी गाडी पुढचे काही कोड गृहीत धरून चालते, त्यामुळे रिमोट लगेच निरुपयोगी होत नाही.

खिशातूनच काम करणाऱ्या स्मार्ट कीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे गाडी हलक्या आवाजात विचारते, ‘किल्ली जवळ आहे का?’ आणि किल्ली उत्तर देते. चोरांची जोडी हे संभाषण दोन यंत्रांनी लांबवते. एकजण गाडीपाशी उभा राहतो, दुसरा घराच्या दाराशी. आत खुंटीला लटकलेली किल्ली गाडीला शेजारीच असल्यासारखी वाटते. उपाय साधा आहे. किल्ली मुख्य दाराजवळ टांगू नका, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा. डब्यात ठेवून गाडीजवळ जा आणि हँडल ओढून बघा. उघडली नाही तर डबा कामाचा.

आणि आत कोणी असेल तर?

मला हा लेख लिहावासा वाटला तो या भागासाठी. गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीत पुण्याहून पाहुणे आले होते. आईने तीन वर्षांच्या मुलीला मागच्या सीटवर बसवलं, ती रडू नये म्हणून हातात किल्ली दिली, दार लावलं आणि बॅगा उचलायला वळली. तेवढ्यात ‘टक’. मुलगी आत, किल्ली आत, डोक्यावर दुपारचं ऊन. आजी काचेबाहेरून खुणा करत होत्या, ‘‘सोन्या, ते बटण दाब गं!’’ आणि त्यांचा चेहरा बघून ती जास्तच रडत होती. सुदैवाने दुसरी किल्ली पर्समध्ये सापडली. सगळा प्रकार पाच मिनिटांत संपला, पण ती पाच मिनिटं तिथे उभ्या असलेल्या कोणालाही विसरता येणार नाहीत.

बंद गाडी किती तापते याचा अभ्यास अमेरिकेत झालेला आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाहेर साधारण २२ ते ३५ अंश सेल्सिअस असताना गाडीच्या आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं. त्यातली जवळजवळ ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. दर उन्हाळ्यात उभ्या गाडीत खेळायला शिरलेली मुलं आत अडकून दगावल्याची बातमी कुठून ना कुठून येतेच.

अशा मुलांना आतून दार का उघडता येत नाही? मागच्या दारांना चाइल्ड लॉक असतं. ते आतल्या हँडलचा दुवा तोडतं, बाहेरच्या नाही. म्हणजे मागचं दार आतून उघडत नसलं, तरी पुढच्या सीटवर सरकून पुढचं दार बहुतेक गाड्यांत उघडता येतं. काहींत हँडल एकदा ओढलं की पुरतं, काहींत दोनदा ओढावं लागतं, तर काहींत आधी खुंटी वर करावी लागते. मात्र काही युरोपीय बनावटीच्या गाड्यांत बाहेरून लॉक केलं की आतली हँडलंही निकामी होतात. चोराने काच फोडून आतून दार उघडू नये म्हणून ही सोय आहे. अशा गाडीत आजोबांना बसवून ‘‘दोन मिनिटांत औषध घेऊन येतो’’ म्हणत रिमोट दाबायचा नाही.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत वीज गेली तरी सेंट्रल लॉक हाताने उघडता यावं, अशी सोय बंधनकारक झाली. टॅक्सी म्हणून वापरल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत चाइल्ड लॉक ठेवायलाही त्याच सुमारास मनाई झाली, प्रवाशांच्या, विशेषतः महिलांच्या सुरक्षिततेसाठी. दारात लपणाऱ्या विजेच्या हँडलांची फॅशन जिथे सर्वांत जोरात होती, त्या चीननेही १ जानेवारी २०२७ पासून दाराला आतून-बाहेरून हाताने चालणारी सोय असलीच पाहिजे असा नियम केला आहे.

एका रविवारी करून बघा

गाडी सावलीत उभी करा, काच खाली ठेवा, एक किल्ली बाहेरच्या माणसाकडे द्या आणि घरातल्या सगळ्यांना बोलवा.

पहिलं, बाहेरून लॉक करून आतून प्रत्येक दार उघडतं का ते बघा. आजी-आजोबांनाही करायला लावा. गुडघेदुखीच्या माणसाला आणि सहा वर्षांच्या मुलाला हँडल ओढायला लागणारा जोर सारखा वाटत नाही.

दुसरं, मुलांना मागून पुढे यायला, पुढचं हँडल ओढायला आणि हॉर्न दाबून धरायला शिकवा. बहुतेक गाड्यांत इंजिन बंद असतानाही हॉर्न वाजतो. हे भीती घालून शिकवू नका, खेळासारखं शिकवा.

तिसरं, रिमोटच्या पोटात लपलेली लोखंडी किल्ली बाहेर काढा आणि ड्रायव्हरच्या दाराचं भोक शोधा. काही गाड्यांत ते हँडलच्या टोकावरच्या टोपीखाली असतं. रिमोटमधलं नाण्यासारखं सेल, बहुधा सीआर२०३२, उतरलं असेल तरी ही किल्ली चालते. बटणाने सुरू होणाऱ्या बऱ्याच गाड्यांत असा रिमोट स्टार्ट बटणाला टेकवला की इंजिनही सुरू होतं.

चौथं, दुसरी किल्ली गाडीत किंवा कपाटाच्या तळाशी नको, घरातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या जागी ठेवा. उभी गाडी नेहमी लॉक करा, सोसायटीच्या आतसुद्धा. आणि बाळाच्या हातात किल्ली देऊ नका, खेळायला खुळखुळा द्या.

मूल आत अडकलंच आणि किल्ली हाताशी नसेल, तर मेकॅनिकची वाट बघत बसू नका. मुलापासून सर्वांत लांबची बाजूची काच निवडा आणि कोपऱ्यात टोकदार, जड वस्तूने जोरात मारा. पुढची मोठी काच फोडायला जाऊ नका. तिच्यात मधे प्लॅस्टिकचा थर असतो, ती तडकते पण सुटत नाही. बाजूच्या काचेचा सहसा बारीक तुकड्यांचा चुरा होतो. ती दुसऱ्या दिवशी नवी बसवता येते.